दोनशे शीट्समधून हवं ते शीट: रेव्हिटचा ब्राउझर कसा लावावा

पुण्यातला मध्यम आकाराचा एखादा गृहप्रकल्प घ्या. तीन विंग, खाली दोन बेसमेंट, वर पोडियम, त्यावर चौदा मजले. आर्किटेक्टच्या ऑफिसातून त्याची किती ड्रॉइंग बाहेर पडतात याचा बाहेरच्या माणसाला अंदाज येत नाही. साइट प्लॅन, प्रत्येक विंगचे फ्लोअर प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, जिन्याचे आणि टॉयलेटचे तपशील, दारं-खिडक्यांची शेड्यूल्स, फ्लोअरिंग, फॉल्स सीलिंग, कंपाउंड वॉल, गेट. त्यात महानगरपालिकेला मंजुरीसाठी गेलेला संच वेगळा, टेंडरसाठी काढलेला वेगळा आणि साइटवर प्रत्यक्ष कामासाठी जाणारा जीएफसी (गुड फॉर कन्स्ट्रक्शन) संच आणखी वेगळा. बघता बघता आकडा दोनशेच्या पुढे जातो. ही सगळी शीट्स, म्हणजे ड्रॉइंगची छापायची पानं, रेव्हिट या इमारतींची ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या एकाच फाइलमध्ये असतात आणि कोणी काही केलं नसेल, तर प्रोजेक्ट ब्राउझर या बाजूच्या चौकटीत एकाच लांबलचक यादीत ओळीने दिसतात.

शोधण्यात वेळ जातो तो जातोच. त्याहून वाईट म्हणजे घाईत चुकीचं शीट हाती लागणं. 'टिपिकल फ्लोअर प्लॅन' या नावाची तीन शीट्स असतील आणि त्यातलं मंजुरीचं शीट साइटवर गेलं, तर काय होतं ते बघा. मंजुरीच्या ड्रॉइंगवर एफएसआयचा (चटईक्षेत्र निर्देशांकाचा) हिशेब असतो, कार्पेट एरियाची कोष्टकं असतात, मोकळ्या जागांची मापं असतात. चौकटीचं माप, ग्रिडपासून भिंतीचं अंतर, टॉयलेटचा सनकन स्लॅब किती खाली घ्यायचा, यातलं काही त्यावर नसतं. गवंड्याला काम तर पुढे न्यायचंच असतं. मग तो अंदाजाने भिंत उचलतो. ती भिंत पाडण्याचा खर्च ब्राउझर नीट लावायला लागणाऱ्या तासाभरापेक्षा कितीतरी जास्त असतो.

रेव्हिटमध्ये शीट्सची वर्गवारी आणि गाळणी (फिल्टर) कशी चालते, ते ऑटोकॅडवरून नुकतेच इकडे वळलेल्यांच्या डोळ्यांसमोर आणावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. रोज रेव्हिट वापरणाऱ्यांनाही त्यातल्या एकदोन गोष्टी नव्या वाटतील.

दिसणारे फोल्डर येतात कुठून?

ऑटोकॅडवर वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की प्रत्येक ड्रॉइंग म्हणजे एक डीडब्ल्यूजी फाइल, फाइल ठेवायची फोल्डरमध्ये आणि हवी तेव्हा उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायची. रेव्हिटची घडण वेगळी आहे. २००० साली बाजारात आलेलं आणि २००२ साली ऑटोडेस्कने विकत घेतलेलं हे सॉफ्टवेअर मुळात एक डेटाबेस आहे. भिंत, दार, खोली यांची त्यात जशी नोंद असते, तशीच प्रत्येक शीटचीही असते. त्या नोंदीला रकाने असतात: शीटचा नंबर, नाव, कोणी काढलं, कोणी तपासलं, इश्यूची तारीख. या रकान्यांना पॅरामीटर म्हणतात.

ब्राउझरमध्ये दिसणारे फोल्डर रेव्हिट या रकान्यांत भरलेल्या मूल्यांवरून बनवतं. 'टप्पा' नावाच्या रकान्यात ज्या शीट्सवर 'टेंडर' लिहिलं आहे ती सगळी 'टेंडर' या फोल्डरखाली येतात. मूल्य बदललं की शीट आपोआप दुसरीकडे दिसू लागतं. एखाद्या मूल्याचं शेवटचं शीट बदललं की तो फोल्डरच नाहीसा होतो. पुढे लागेल म्हणून रिकामा फोल्डर आधी करून ठेवावा, असं इथे करता येत नाही.

लग्नघरातली पाहुण्यांची यादी अशीच असते. माणसं तीच, पत्रिका वाटायला निघताना ती गावांप्रमाणे लावली जातात, आहेराच्या वेळी नात्याप्रमाणे, आणि राहण्याची सोय करताना कोण कधी येणार त्याप्रमाणे. यादी नव्याने लावली म्हणून कोणी घर बदलत नाही. फक्त प्रत्येकाच्या नावापुढे गाव, नातं आणि येण्याचा दिवस आधी लिहिलेला असावा लागतो. रेव्हिटमध्येही सगळी मेहनत या लिहिण्याची आहे. ते झालं की मांडणी पाच मिनिटांत बदलता येते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण शीट्सची संख्या का फुगते ते तिच्यामुळे कळतं. रेव्हिटमध्ये साधा प्लॅन किंवा सेक्शन, म्हणजे रेव्हिटच्या भाषेत व्ह्यू, एकाच शीटवर ठेवता येतो. लेजंड (चिन्हांची सूची) आणि शेड्यूल (तक्ता) मात्र हव्या तितक्या शीट्सवर लावता येतात. म्हणून सातव्या मजल्याचा एकच प्लॅन मंजुरीच्या आणि जीएफसीच्या, अशा दोन्ही शीट्सवर टाकायचा म्हटलं तर त्या व्ह्यूची प्रत काढावी लागते. मंजुरीचा व्ह्यू वेगळा, कामाचा वेगळा, आणि दोघांची नावं जवळपास सारखी. ही जोडपी डोळ्यांना वेगळी ओळखू यावीत, हे वर्गवारीचं पहिलं काम.

रकाने कोणते हवेत

रेव्हिट जे रकाने आयते देतं, त्यांतले बहुतेक टायटल ब्लॉकवर, म्हणजे शीटच्या माहितीच्या चौकटीत, छापण्यासाठी आहेत. वर्गवारीला ते पुरत नाहीत. आपले रकाने आपण बनवायचे. 'मॅनेज' टॅबवर 'प्रोजेक्ट पॅरामीटर्स' उघडायचं, नवा पॅरामीटर घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, प्रकार 'टेक्स्ट' ठेवायचा, 'इन्स्टन्स' निवडायचं आणि कॅटेगरीच्या यादीत 'शीट्स'वर खूण करायची. एवढं झालं की प्रत्येक शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये तो रकाना दिसू लागतो, अर्थात रिकामा.

कोणते रकाने करायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी ऑफिसात दिवसभर लोक एकमेकांना काय विचारतात ते ऐकावं. "बी विंगचं पाठव", "टेंडरला काय गेलं होतं?", "जिन्याचे डिटेल कुठे आहेत?" या तीन वाक्यांत तीन रकाने आहेत: विंग, टप्पा आणि विषय. गृहप्रकल्पाला बहुधा एवढे पुरतात. एकच इमारत असलेल्या हॉस्पिटलला 'विंग' लागणार नाही, पण 'विभाग' लागेल. बंगल्याला तर टप्पा आणि विषय एवढेच बस्स. सहा-सात रकाने केले की ते भरणारं कोणी राहत नाही, आणि अर्धवट भरलेला रकाना फसवतो; नसलेला निदान फसवत तरी नाही.

टप्प्याची मूल्यं आपल्याकडे जवळपास ठरलेली आहेत: कन्सेप्ट, मंजुरी, टेंडर, जीएफसी, ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधलं तसं). महाराष्ट्रात बरेच प्रकल्प काम सुरू झाल्यावर पुन्हा मंजुरीला जातात, त्यामुळे 'रिवाइज्ड मंजुरी' हे मूल्य पहिल्या दिवसापासून ठेवलेलं बरं. ते नसेल तर लोक जुन्या मंजुरीच्याच शीटवर बदल करतात, आणि मूळ मंजूर नकाशा काय होता ते फाइलमधून पुसलं जातं. रेरात नोंदवलेल्या प्रकल्पात मूळ आणि सुधारित नकाशातला फरक दाखवायची वेळ कधीही येऊ शकते.

पॅरामीटर दोन प्रकारचे असतात आणि हा फरक आधी कळला तर पुढची पायपीट वाचते. साधा प्रोजेक्ट पॅरामीटर ब्राउझर लावायला आणि शेड्यूलमध्ये दाखवायला चालतो. तोच रकाना टायटल ब्लॉकवर छापायचा असेल, म्हणजे शीटच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'टेंडर' किंवा 'जीएफसी' दिसायला हवं असेल, तर शेअर्ड पॅरामीटर लागतो. त्याची व्याख्या वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये साठते आणि प्रत्येक व्याख्येला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. रेव्हिट तो क्रमांक बघतं, नाव नाही. दोघांनी आपापल्या मशिनवर 'टप्पा' नावाचा शेअर्ड पॅरामीटर वेगवेगळा बनवला, तर रेव्हिटच्या लेखी ते दोन निराळे रकाने. ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसतं आणि टायटल ब्लॉकवरची जागा मात्र कोरी राहते. म्हणून ती टेक्स्ट फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर एकच असावी आणि ती एकानेच सांभाळावी. टप्पा हा रकाना तर मी शेअर्डच करायला सांगेन, कारण साइटवर कागद हातात घेणाऱ्याला तो वाचता आलाच पाहिजे.

मांडणी प्रत्यक्ष लावताना

ब्राउझरमध्ये 'शीट्स' या शब्दावर राइट क्लिक केलं की 'ब्राउझर ऑर्गनायझेशन' येतं. 'व्ह्यू' टॅबवरच्या 'यूजर इंटरफेस' यादीतूनही तिथे जाता येतं. तिथे 'न्यू' करून मांडणीला नाव दिलं की दोन भाग दिसतात, एक गाळणीचा आणि एक गट व क्रम ठरवण्याचा. आधी दुसरा भाग बघू.

'ग्रुप बाय'मध्ये पहिली पातळी निवडायची, खाली 'देन बाय'मध्ये पुढची. प्रश्न येतो तो क्रमाचा: आधी टप्पा की आधी विंग? विंग आधी घेतली तर 'बी विंग' उघडल्यावर मंजुरी, टेंडर आणि जीएफसी एकाखाली एक येतात. तुलना करायला ते सोयीचं वाटतं, पण एकसारख्या नावांची शीट्स तिथेच शेजारी येतात आणि घोटाळा तिथेच होतो. टप्पा आधी घेतला तर मंजुरीचा सगळा संच एका फोल्डरमध्ये मिटून राहतो. काम जीएफसीवर चालू असताना तो उघडायची गरजच पडत नाही. मी टप्पा आधी लावावा या मताचा आहे. ज्या ऑफिसात एकेक विंग एकेकाकडे सोपवलेली असते, तिथली माणसं उलट सांगतील. त्यांनी दोन मांडण्या करून ठेवाव्यात, एक टप्पा आधीची आणि एक विंग आधीची. रकाने भरलेले असले की दुसरी मांडणी फुकटात मिळते.

साइट प्लॅन, बेसमेंट, पोडियम ही कुठल्याच एका विंगची नसतात. त्यांच्यापुढे विंगचा रकाना रिकामा ठेवू नये, 'सामाईक' असं लिहावं. कारण ज्या शीटचा रकाना रिकामा असतो, त्याला रेव्हिट तीन प्रश्नचिन्हांच्या गटात टाकतं. हा '???' गट बघून नवखे लोक दचकतात, फाइल बिघडली की काय असं त्यांना वाटतं. खरं तर तो फार कामाचा आहे. काय भरायचं राहिलं आहे ते त्यात आयतं दिसतं. संध्याकाळी फाइल बंद करण्याआधी '???' मध्ये काही उरलं आहे का एवढं बघितलं, तरी मांडणी टिकते. 'सामाईक' न लिहिता मुद्दाम रिकामं सोडलं तर ही सोय जाते, कारण मुद्दाम रिकामं कोणतं आणि विसरलेलं कोणतं हे ओळखता येत नाही.

मूल्यं लिहिताना रेव्हिट अक्षरशः वाचतं. 'बी विंग', 'बी-विंग' आणि 'विंग बी' म्हणजे तीन फोल्डर. शेवटी चुकून एक स्पेस पडली तर दिसायला तंतोतंत सारखे दोन फोल्डर एकाखाली एक येतात, आणि कारण शोधताना डोकं उठतं. असे जुळे फोल्डर दिसले तर त्यातल्या एकातली सगळी शीट्स शिफ्ट दाबून निवडावीत आणि प्रॉपर्टीजमध्ये एकदाच मूल्य नव्याने लिहावं. मग तो जादा फोल्डर तत्क्षणी नाहीसा होतो.

फोल्डर वर्णक्रमाने लागतात, आपल्या कामाच्या क्रमाने लागत नाहीत. म्हणून बरीच ऑफिसं मूल्याच्या आधी आकडा लावतात: '१० कन्सेप्ट', '२० मंजुरी', '३० टेंडर'. दहा-दहाचं अंतर ठेवलं की '२५ रिवाइज्ड मंजुरी' मध्ये घालता येते. मात्र हाच रकाना टायटल ब्लॉकवर छापत असाल तर तो आकडाही छापला जाईल, तेव्हा ते आधीच ठरवून घ्यावं.

नंबराकडून किती अपेक्षा ठेवायची

काही ऑफिसं वेगळे रकाने न करता सगळी माहिती शीटच्या नंबरातच भरतात. रेव्हिटमध्ये त्याला आधारही आहे. गट करताना 'लीडिंग कॅरेक्टर्स' निवडून नंबराची पहिली एक, दोन किंवा हवी तितकी अक्षरं वापरता येतात, आणि 'शीट प्रीफिक्स' नावाची एक मांडणी रेव्हिट आयतीच देतं. अमेरिकेच्या नॅशनल कॅड स्टँडर्डमध्ये नंबर असाच बांधलेला आहे. पहिलं अक्षर विषयाचं: आर्किटेक्चरला ए, स्ट्रक्चरला एस, प्लंबिंगला पी, इलेक्ट्रिकलला ई. पुढचा आकडा ड्रॉइंगच्या प्रकाराचा: ० सर्वसाधारण माहिती, १ प्लॅन, २ एलिव्हेशन, ३ सेक्शन, ४ मोठ्या स्केलची ड्रॉइंग, ५ तपशील, ६ शेड्यूल्स, ९ त्रिमिती चित्रं. शेवटचे दोन आकडे अनुक्रमाचे. म्हणजे ए-१०३ म्हटलं की आर्किटेक्चरचा तिसरा प्लॅन, आणि ए-५०१ म्हटलं की पहिलं तपशिलाचं शीट. पुण्यात बसून अमेरिकेतल्या इमारतींची कामं करणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. ब्रिटनच्या किंवा आखातातल्या कामांत आयएसओ १९६५० प्रमाणे नंबर येतो, त्यात प्रकल्प, कंपनी, इमारत, मजला, ड्रॉइंगचा प्रकार, विषय आणि अनुक्रम असे सगळे तुकडे हायफनने जोडलेले असतात.

नंबराची ही पद्धत चांगली आहे आणि 'विषय' या रकान्याचं काम ती परस्पर करू शकते. टप्पा मात्र नंबरात घालू नये. टप्पा बदलतो, नंबर बदलता कामा नये. एकदा कंत्राटदाराच्या रजिस्टरमध्ये ए-१०३ अशी नोंद झाली, की ती ओळख काम संपेपर्यंत तशीच राहिली पाहिजे.

नंबर हा रेव्हिटच्या दृष्टीने मजकूर आहे, आकडा नव्हे. मजकुराच्या क्रमात १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ कितीतरी मागे पडतो. म्हणून शून्य भरून लिहावं, ०१, ०२ असं. हीच यादी पुढे एक्सेलमध्ये जाते, पीडीएफची नावं होऊन सर्व्हरवर जाते, व्हॉट्सॲपवरून साइटवर जाते. शून्य भरलेलं असलं की तिचा क्रम कुठेही मोडत नाही.

एका फाइलमध्ये एकच नंबर दोन शीट्सना देता येत नाही. तीन विंगना प्रत्येकी स्वतःचं ए-१०१ हवं असेल तर हे अडतं. यावर उपाय म्हणून काही जण नंबरात न दिसणारं अक्षर घुसवतात. रेव्हिट फसतं खरं, पण मग शोध घेताना ते शीट सापडत नाही आणि पीडीएफच्या नावात भलतीच चिन्हं येतात. हे अजिबात करू नये. रेव्हिट २०२५ मध्ये 'शीट कलेक्शन' आलं आहे. त्यात शीट्सचे खरेखुरे संच करता येतात, आणि वेगवेगळ्या संचांत एकच नंबर चालतो. तुमच्याकडे ती आवृत्ती असेल तर विंगनिहाय संचांसाठी तेच वापरावं. एक शीट एकाच कलेक्शनमध्ये राहतं, त्यामुळे टप्पा आणि विषय यांचे रकाने तरीही लागतातच.

गाळणी: काय लपतं ते आधी समजून घ्या

'ब्राउझर ऑर्गनायझेशन'मधला गाळणीचा भाग दिसायला सोपा आहे. रकाना निवडा, अट निवडा, मूल्य लिहा. टप्पा बरोबर जीएफसी. नंबर 'ए'ने सुरू होणारा. नावात 'जिना' असलेलं. दोन अटी लावल्या तर दोन्ही पूर्ण करणारीच शीट्स दिसतात. 'हे किंवा ते' अशी सोय तिथे नाही. दोनशेंमधली चाळीसच शीट्स डोळ्यांसमोर ठेवून काम करायला किती मोकळं वाटतं, ते वापरून बघितल्यावरच कळतं.

आता जपायची जागा. गट करण्यात काही लपत नाही, फार तर '???' मध्ये जातं. गाळणीत मात्र जे अटीत बसत नाही ते ब्राउझरमधून पूर्ण नाहीसं दिसतं. फाइलमध्ये ते असतंच. समजा 'टप्पा बरोबर जीएफसी' अशी गाळणी चालू आहे आणि कोणी लिफ्ट मशीन रूमचं नवं शीट केलं, नंबर ए-४१२. नव्या शीटचा टप्पा अजून रिकामा, म्हणून ते अटीत बसत नाही आणि यादीत येत नाही. ते बंद केल्यावर यादीत शोधणाऱ्याला वाटतं, शीट झालंच नाही. तो पुन्हा करायला जातो, ए-४१२ लिहितो, आणि रेव्हिट सांगतं की हा नंबर आधीच वापरात आहे. हा संदेश आला की पहिला संशय गाळणीवर घ्यावा. पण सगळे तसा घेत नाहीत. घाईत कोणी ए-४१३ लिहून, त्याचा टप्पा भरून पुढे जातो, आणि फाइलमध्ये एकाच खोलीची दोन शीट्स होतात, त्यातलं एक कोणालाच न दिसणारं.

म्हणून गाळलेल्या मांडणीच्या नावातच ते सांगावं, 'फक्त जीएफसी' असं. आणि ऑफिसची मूळ मांडणी कायम बिनगाळणीची ठेवावी. एकाच फाइलवर पाच-सहा जण काम करत असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण मांडण्या फाइलमध्येच साठतात. स्वतःच्या सोयीसाठी वेगळं काही हवं असेल तर नवी मांडणी करून तिला स्वतःचं नाव द्यावं. सगळ्यांच्या मांडणीच्या अटी बदलू नयेत.

शीट लिस्ट, खरं काम तिथे

दोनशे शीट्सचे तीन-तीन रकाने एकेक शीट उघडून भरणं कोणाच्यानेही होणार नाही. त्यासाठी शीट लिस्ट आहे. 'व्ह्यू' टॅबवर 'शेड्यूल्स' खाली ती मिळते. नंबर, नाव, टप्पा, विंग, विषय आणि चालू रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) एवढे रकाने घेतले की सगळी शीट्स तक्त्यात समोर येतात आणि तिथल्या तिथे मूल्यं भरता येतात. रकान्यावर क्लिक केलं की बाजूच्या बाणातून आधी वापरलेली मूल्यं निवडता येतात. टाइप करण्याऐवजी तिथून निवडायची सवय लावली तर जुळ्या फोल्डरांची भानगड मुळातच होत नाही.

शीट लिस्टची स्वतःची गाळणी असते आणि ती ब्राउझरच्या गाळणीपेक्षा वेगळी चालते. इथे हव्या तितक्या याद्या करता येतात: टेंडरच्या कव्हर शीटवर लावायची एक, जीएफसीची एक, आणि कुठल्याही शीटवर न लावलेली, सगळं दाखवणारी, फक्त तपासण्यासाठी ठेवलेली एक. ही शेवटची यादी प्रत्येक फाइलमध्ये असावी. ब्राउझरमध्ये लपलेलं शीट तिच्यात हमखास सापडतं. प्रत्येक शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अपिअर्स इन शीट लिस्ट' अशी एक खूण असते. ती काढली तर ते शीट याद्यांतून गळतं. कच्च्या कामाच्या शीट्ससाठी ती सोय ठीक आहे, पण शीट यादीत का येत नाही असा प्रश्न पडला तर ही खूणही बघावी.

शीट लिस्टमधली सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि फार उपयोगाची गोष्ट म्हणजे प्लेसहोल्डर शीट. यादीत नवी ओळ घातली की प्रत्यक्ष शीट न बनता फक्त तिची नोंद तयार होते. ब्राउझरमध्ये ती दिसत नाही, यादीत दिसते. स्ट्रक्चरल कन्सल्टंटची ड्रॉइंग आपल्या फाइलमध्ये नसतात, पण टेंडरच्या कव्हर शीटवरच्या यादीत ती हवी असतात. ती हाताने टाइप करून टेक्स्ट म्हणून लावण्याऐवजी प्लेसहोल्डर म्हणून घालावीत. मग नंबर, नाव आणि टप्पा त्याच नियमाने चालतात. आपलीच पुढे काढायची शीट्सही अशी आधी नोंदवता येतात, आणि वेळ आली की नवं शीट करताना त्या नोंदीचंच खरं शीट करता येतं. नंबर आधीच राखून ठेवलेला असल्याने दोघांनी एकच नंबर धरण्याचा प्रश्न येत नाही.

छापण्याचे संच मात्र या सगळ्यापासून अलग राहतात. प्रिंट किंवा पीडीएफ करताना आपण जो शीट्सचा संच नाव देऊन ठेवतो, तो निवडलेल्या शीट्सची साठवलेली यादी असतो. नंतर कोणाच्या रकान्यात 'जीएफसी' लिहिलं म्हणून ते शीट त्या संचात आपोआप जाईलच असं गृहीत धरू नये. इश्यू करण्याआधी संचातली शीट्स आणि शीट लिस्टमधली शीट्स ताडून बघायची. रेव्हिट २०२२ पासून पीडीएफ थेट रेव्हिटमधूनच काढता येतं आणि फाइलचं नाव रकान्यांवरून बनवायचा नियम लावता येतो. नंबर, नाव आणि चालू रिव्हिजन असा नियम लावला की 'ए-१०३ फायनल', 'ए-१०३ फायनल नवीन' अशा नावांना जागाच उरत नाही.

आर्किकॅड हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना यातलं काही ओळखीचं आणि काही उलटं वाटेल. तिथल्या लेआउट बुकमध्ये सबसेट हे खरे फोल्डर असतात, लेआउट (तिथलं शीट) त्यात ओढून ठेवता येतो, आणि नंबर आपोआप घ्यायचा ठरवला असेल तर तो त्या जागेवरून ठरतो. मधलं शीट हलवलं की पुढचे नंबर सरकतात. इश्यू झालेल्या संचात म्हणूनच तिथे नंबर हाताने पक्के करून ठेवतात.

चालू प्रकल्प असा लावायचा असेल तर

नव्या प्रकल्पात हे सगळं टेम्प्लेटमध्येच असावं. जुन्या फाइलमधून मांडणी आणायची तर 'मॅनेज' टॅबवर 'ट्रान्स्फर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स'मध्ये 'ब्राउझर ऑर्गनायझेशन' निवडता येतं. तिला लागणारे पॅरामीटर नव्या फाइलमध्ये आले आहेत का ते तेव्हाच बघावं, नाहीतर गट करायला रकानाच नसतो.

अर्ध्यात आलेल्या प्रकल्पात आधी रकाने बनवावेत, मग शीट लिस्ट करून ती भरावी, आणि सगळ्यांत शेवटी ब्राउझरची मांडणी बदलावी. उलट केलं तर सकाळी फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला दोनशे शीट्स '???' मध्ये दिसतात आणि लोक जुन्या यादीकडे परत जातात. भरताना टप्प्याचा रकाना आधी घ्यावा. मंजुरीची शीट्स वेगळी झाली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. विंग आणि विषय दोन दिवसांनी भरले तरी चालतात. नंबर सुधारण्याचा मोह होईल, कारण यादी समोर आली की त्यातला विस्कळीतपणा डोळ्यांत भरतो. जी शीट्स अजून बाहेर गेलेली नाहीत त्यांचेच नंबर बदलावेत. जी साइटवर, कंत्राटदाराकडे किंवा महानगरपालिकेत गेली आहेत त्यांचे नंबर कितीही वेडेवाकडे असले तरी तसेच राहू द्यावेत, आणि क्रम हवाच असेल तर त्यासाठी 'क्रम' नावाचा वेगळा रकाना करून शीट लिस्ट त्यावरून लावावी.